योगासनं, फिजिओथेरपी आणि खो-खोचा सराव एकाच संध्याकाळी कसा बसवायचा?

खांब_ते_खांब (प्रश्न)

सोलापूर, विजापूर रस्त्याकडचं मैदान. वर मुरूम, खाली काळी माती, त्यामुळे उन्हाळ्यात जमीन दगडासारखी कडक होते. 14 ते 18 वयाचे मुलं-मुली मिळून 26 खेळाडू आहेत, सराव संध्याकाळी 5 ते 7.

सध्याचा क्रम असा. आल्या आल्या 12 सूर्यनमस्कार, मग पश्चिमोत्तानासन, बद्धकोनासन आणि हनुमानासन (एक पाय पुढं, एक मागं पूर्ण पसरून बसणं), प्रत्येक मिनिटभर धरून. त्यानंतर 20 मीटरच्या स्प्रिंट, खांबावरचे सूर, साखळी (बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळणं), मग डाव. शेवटी कपालभाती आणि शवासन.

चौघांना नितंबाच्या खाली, बसायच्या हाडापाशी दुखतं. वर्गात बाकावर तासभर बसलं की वाढतं, चौकातून (पाठलाग करणारे बसतात त्या चौकोनातून) उठून खो घेऊन सुटताना टोचतं. दोन मुलींचा घोटा सारखा बाहेरच्या बाजूला मुरगळतो. एकाला घरच्यांनी फिजिओकडे नेलं तर तिथं सांगितलं, योग बंद करा. आमचे योगशिक्षक म्हणतात, लवचिकता कमी आहे म्हणून दुखतंय, आसनं वाढवा. दोघंही जाणकार आहेत, ऐकायचं कुणाचं?

जिम नाही, वजनं नाहीत. सतरंज्या, चादरी, टॉवेल आणि दोन खांब एवढंच सामान आहे.

ताकद_आणि_वेग

सर, आसनं वाईट नाहीत, त्यांची जागा चुकली आहे. पूर्ण वेगाच्या स्प्रिंटआधी एकेक स्नायू मिनिट किंवा त्याहून जास्त ताणून धरला की पुढचा काही वेळ त्याची झटका देण्याची क्षमता थोडी उतरते. मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम मंदावतो आणि टेंडनचा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचा, स्प्रिंगसारखा ताठपणा सैल होतो. खो-खोत सगळा खेळ पहिल्या तीन पावलांवर आहे, म्हणजे नेमकं जे लागतं तेच तुम्ही घालवून मुलांना पळायला लावता. मात्र याचा बाऊही करू नका. 15-20 सेकंद धरलं आणि नंतर धावणं-उड्या झाल्या तर फरक जवळपास राहत नाही. मिनिटाची स्थिर आसनं सरावानंतर ठेवा किंवा रात्री घरी.

आधीची 18 मिनिटं अशी वापरा. चार मिनिटं हलकं धावणं, त्यात आडवी पावलं आणि उलटं धावणं. मग सहा सूर्यनमस्कार, पण वाहते. प्रत्येक स्थितीत एकच श्वास, थांबायचं नाही, उजवा-डावा पाय आलटून पालटून. यात खांदे, कंबर, घोटे सगळे फिरतात, म्हणून वॉर्मअपला सूर्यनमस्कार उत्तमच. पुढं मलासनात खाली-वर आठ वेळा. चौकात बसायची स्थिती हीच आहे, फक्त इथं टाच टेकलेली असते. मग लांब पाऊल टाकून छाती पुढच्या पायाकडे वळवणं, दोन्ही बाजूंना पाच-पाच. एका पायावर सेतुबंधासन, दोन सेकंद वर थांबून आठ-आठ. शेवटी 15 मीटरच्या धावा: दोन साठ टक्के जोरानं, दोन पंचाहत्तर, दोन नव्वद. आणि चौकातून उठून सुटण्याचे चार प्रयत्न, दोन डावीकडे तोंड करून, दोन उजवीकडे.

सगळ्यात जास्त चूक या शेवटच्या टप्प्यात होते. वॉर्मअप चटईवर संपतो आणि खेळाडू थेट पूर्ण वेगात खांबाला वळसा मारतो. मांडीमागचा स्नायू पाय जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी सर्वात जास्त ताणला जातो, आणि त्याच क्षणी त्याला ब्रेकही मारावा लागतो. या कामाची तयारी फक्त वेगानं धावूनच होते, कुठल्याही आसनानं होत नाही.

अजून एक. बारा सूर्यनमस्कार, डाव आणि कपालभाती हे सगळं मिळून मुलांवर किती भार पडतो याची वही ठेवा. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं प्रत्येकाला विचारा, आज किती जड गेलं, 0 ते 10 मध्ये. तो आकडा गुणिले मिनिटं. 90 मिनिटं आणि 7 म्हणजे 630. संध्याकाळच्या शांत आसनांची 20 मिनिटं आणि 2 म्हणजे 40. परीक्षा संपली, स्पर्धा जवळ आली आणि आठवड्याची बेरीज अचानक दीडपट झाली की पंधरवड्यात कुणीतरी लंगडत येतं. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, चौथा आठवडा हलका ठेवा.

फिजिओ_सात_रस्ता

वरचा क्रम पटला. पण चौघांच्या दुखण्यावर आधी बोलू, कारण तिथं "ताणा" आणि "योग बंद" ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत.

पहिलं काम म्हणजे वेगळं काढणं. पळताना मांडीच्या मध्यभागी अचानक टोचलं आणि थांबावं लागलं, तर स्नायू फाटला आहे. हळूहळू वाढलेलं, अगदी बसायच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येणारं, बाकावर बसल्यावर वाढणारं असेल तर हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूचा) टेंडन जिथं हाडाला चिकटतो तिथला त्रास. मुंग्या किंवा बधिरपणा गुडघ्याच्या खाली जात असेल तर कंबर तपासा. चौथा प्रकार या वयात विसरायचा नाही. सूर मारताना किंवा स्प्रिंटमध्ये "टक" असं झालं, त्याच हाडावर दाबल्यावर कळ येते, पाय टाकवत नाही, दोन दिवसांत काळंनिळं झालं, तर हाडाचा तुकडाच सुटलेला असू शकतो. तिथलं वाढीचं कूर्चा विशीच्या आसपासपर्यंत पूर्ण जुळलेलं नसतं आणि टेंडन त्यापेक्षा मजबूत असतो. अशा मुलाचा एक्स-रे होईपर्यंत ताणणं नाही, मालिश नाही, सराव नाही.

तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार वाटतो, पण हात लावून तपासल्याशिवाय नक्की धरू नका.

आता ताणल्यानं का बिघडतं ते पाहा. कंबरेतून पुढं वाकलं की टेंडन बसायच्या हाडाभोवती गुंडाळला जातो आणि हाडावर दाबला जातो. ओढ आणि दाब एकत्र आले की तिथला टेंडन चिडतो. पश्चिमोत्तानासन, उत्तानासन, हनुमानासन, तिन्हींत हेच होतं. चौकात बसून पुढं झुकून सुटण्यातही हेच होतं, आणि ते तर खेळातून काढता येत नाही. म्हणून आसनांतला जास्तीचा दाब आधी काढायचा. "आखडलंय" असं मुलाला वाटतं, तो अजून ताणतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि दुसऱ्या सकाळी जास्त दुखतं. हे चक्र फार जणांत दिसतं.

चौघांसाठी: खोल पुढं वाकणं 6 ते 8 आठवडे बंद. त्याऐवजी पहिले दोन-तीन आठवडे पाठीवर झोपून टाच जमिनीत रोवून कंबर उचलून धरणं, गुडघा थोडाच वाकवलेला, 30 ते 45 सेकंद, पाच वेळा, मध्ये मिनिट-दोन मिनिटं विश्रांती, रोज. करताना दुखणं 10 पैकी 3 पर्यंत चालेल. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी: पायऱ्या उतरताना कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर डोस कमी करा, पूर्ण थांबवू नका. नंतर हाच पूल एका पायावर, तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, 8 ते 12 चे तीन सेट, दिवसाआड. पुढं टॉवेल घसरवणं: गुळगुळीत फरशीवर टाचांखाली सोलापुरी टॉवेल, कंबर उचललेली, टाचा सावकाश लांब न्यायच्या. घासून गुळगुळीत झालेल्या शहाबादीवर जमतं, खडबडीत फरशीवर टॉवेल अडतो आणि कंबर खाली पडते. मग पाठीवरच्या दप्तरात 5 किलो वाळू घालून कंबरेतून वाकणं-उठणं. शेवटी वेग, आणि अगदी शेवटी चौक. एकूण तीन महिन्यांच्या आसपास धरा आणि हे पालकांना आजच सांगा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात "बरं वाटतंय" म्हणून पोरगं डावात उतरतं.

बाकीच्या 22 जणांना नॉर्डिक हा मांडीमागच्या स्नायूचा व्यायाम. गुडघ्यांखाली चौपदरी चादर, जोडीदारानं घोटे घट्ट धरायचे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एक रेष ठेवून जमेल तितकं सावकाश पुढं पडायचं, शेवटी हातांवर झेलायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाचचे दोन सेट. हळूहळू आठवड्यातून दोनदा, आठचे तीन. सुरुवातीला दोन दिवस मांड्या भरून येतात, म्हणून सामन्याच्या आदले तीन दिवस नको. कंबर मागं काढून पडले की सगळा फायदा गेला.

घोटा: भिंतीकडे तोंड करून उभं राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा, अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही पायांत 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आखडलेला घोटा मोकळा करा, पण मुरगळणं थांबतं ते तोल आणि बाहेरच्या स्नायूच्या ताकदीनं. एका पायावर 30 सेकंद, मग डोळे मिटून, मग त्याच पायावर आडव्या छोट्या उड्या. दोन महिने तरी. ताज्या मुरगळीत घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा करंगळीच्या बाजूच्या पाऊलहाडाच्या मुळाशी दाबून दुखलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर आधी एक्स-रे.

योगवर्ग_भवानी_पेठ

फिजिओ मॅडमचं दाबाचं म्हणणं बरोबर आहे. पण "योग बंद" असं सांगणाऱ्यांना एक विचारते, योग म्हणजे फक्त पुढं वाकणं का? शलभासनात कंबर सरळ असते, हॅमस्ट्रिंग आणि नितंब भरपूर काम करतात, हाडावर दाब येत नाही. त्यांनी सांगितलेल्या पुलासारखंच काम, फक्त पालथं झोपून. एक पाय, गुडघा सरळ, 20 सेकंद, पाच वेळा, दोन्ही बाजू. पाय किती उंच गेला हे बघू नका, ओटीपोट जमिनीला टेकलेलं राहिलं का ते बघा. वीरभद्रासन दुसरं आणि वृक्षासन हे तर घोट्यावाल्या मुलींना दिलेलं औषधच आहे. वृक्षासनात वरचं पाऊल गुडघ्यावर टेकवायचं नाही, मांडीवर किंवा पोटरीवर.

बऱ्या खेळाडूंनी पश्चिमोत्तानासन करावं, पण दुमडलेल्या चादरीवर बसून, गुडघे थोडे वाकवून, कंबरेपासून. पाठीचा धनुष्य करून कपाळ गुडघ्याला लावण्यात काही कमाई नाही. आणि पाठीवर हात ठेवून मागून दाबणं कृपया थांबवा. शाळांत हे सर्रास चालतं, आणि दाबणाऱ्याला समोरच्याच्या टेंडनमध्ये काय चाललंय ते कळत नाही.

हनुमानासन सगळ्यांना कशाला? ज्यांचा अंगठा वाकून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, कोपर आणि गुडघे उलटे वाकतात, ती मुलं जन्मतःच सैल असतात. वर्गात त्यांचंच कौतुक होतं, त्यांनाच पुढं बसवलं जातं, आणि त्यांचेच सांधे आधी कुरकुरतात. त्यांना ताणणं कमी आणि धरून ठेवणारी आसनं जास्त द्यावीत. खरोखर आखडलेले असतील ते चार-पाच जण, त्यांना सरावानंतर एकेका बाजूला 30 सेकंद, दोनदा, हात विटांवर टेकवून. हनुमानासनाऐवजी अर्ध्यावर थांबलेलं पाऊल खो-खोला पुरतं.

कपालभातीबद्दल. दोन तास पळून आलेल्या मुलाचा श्वास आधीच जोरात चालू असतो, त्यावर अजून झटके कशाला? ती उत्तेजक क्रिया आहे. हवी तर सकाळी, रिकाम्या पोटी, 20-30 झटक्यांच्या तीन फेऱ्या. दमा, आकडी किंवा हर्निया असलेल्यांना नको. संध्याकाळी शवासनाआधी चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच-सहा मिनिटं. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात आणि हृदयाची गती खाली यायला मदत होते. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, या वयात करायची गरज नाही. मग सात भ्रामरी. चैत्र-वैशाखात तापलेल्या मुरमावर शवासन घालू नका हो, जमीन सात वाजताही गरम असते. शाळेच्या व्हरांड्यात न्या.

एका मुद्द्यावर मतभेद नोंदवते. वाहते सूर्यनमस्कार ठीक, पण सहा जणांची रांग लागली की वेगाच्या नादात चतुरंगात (कोपरं वाकवून अंग जमिनीला समांतर धरतात त्या स्थितीत) कंबर लोंबकळते. नवीन मुलांना पहिले दोन आठवडे प्रत्येक स्थिती वेगळी शिकवा, तोपर्यंत वॉर्मअपमध्ये घेऊ नका.

ताकद_आणि_वेग

हे मान्य. चतुरंग जमत नसेल तर गुडघे टेकवून.

जुनी_तालीम

तुम्ही सगळे आसनं आणि टॉवेल सांगताय, तालमीत मुलांच्या मांड्या गरम तेलानं चोळतात ते बरोबर की चूक?

फिजिओ_सात_रस्ता

थकलेल्या, भरून आलेल्या पायाला हलक्या हातानं चालेल, दुसऱ्या दिवशीचं दुखणं थोडं कमी वाटतं. ताज्या मुका माराला मात्र अजिबात नाही. सूर मारताना खांबावर मांडी आदळली, गाठ आली, आणि त्यावर तेल लावून दाबून चोळलं की आतला रक्तस्राव वाढतो. त्या जागी स्नायूत हाड तयार होण्याचा धोका असतो, आणि मग गुडघा महिनोन्महिने पूर्ण वाकत नाही. पहिले दोन-तीन दिवस दाबाची पट्टी, पाय उंच, दुखणार नाही इतका गुडघा हलवत राहणं. शेक आणि चोळणं नाही. आठवडाभरानंही गुडघा निम्म्याहून जास्त वाकत नसेल तर सोनोग्राफी किंवा डॉक्टर.

खांब_ते_खांब

मोठी मदत झाली. अजून दोन शंका. स्पर्धेत एका दिवशी दोन, कधी तीन सामने येतात, मध्ये दीड-दोन तास. त्या वेळात काय करायचं? आणि दुसऱ्या सामन्यात पोटरीला गोळे येतात त्याचं काय?

ताकद_आणि_वेग

सामना संपला की लगेच बसू देऊ नका. पाच मिनिटं चालणं, मग सावलीत भिंतीला पाय टेकवून पाठीवर झोपणं, पाच-सहा मिनिटं, वर मॅडमनी सांगितलेला चार-सहाचा श्वास चालू. नंतर खाणं: केळी, गूळ-चपाती, भात-वरण, पोटाला सवय आहे तेच. शेंगाचटणी आणि तळलेलं रात्रीसाठी ठेवा. योगनिद्रा सामन्यांच्या मध्ये नको, मुलं जडावतात. ती रात्री झोपायच्या आधी. पुढच्या सामन्याआधी पूर्ण 18 मिनिटं नकोत, आठ-दहा पुरतात, पण नव्वद टक्क्यांच्या दोन धावा आणि चौकातून सुटणं सोडायचं नाही. सामन्याच्या दिवशी स्थिर आसन एकाच ठिकाणी वापरायचं, गोळा आल्यावर. गुडघा सरळ, पाऊल हळूहळू नडगीकडे ओढून 20-30 सेकंद धरायचं, सुटेपर्यंत. झटके द्यायचे नाहीत. गोळा आलेला गडी पुढच्या डावात पळणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत घेऊ नका, तिसऱ्या तुकडीत ठेवा.

गोळे बहुतेक वेळा थकव्यानं येतात, मिठाची कमतरता हे एकच कारण नसतं. दुसऱ्या सामन्यातच येतात यावरून पोटरीची ताकद कमी असावी. पायरीच्या कडेवर एका पायानं टाच वर-खाली, 15 चे तीन सेट, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, आठवड्यातून तीनदा. प्रत्येक पायावर सलग 25 सुद्धा होत नसतील तर कारण तिथंच सापडेल.

पाण्याचा अंदाज सोपा आहे. वजनकाटा घेऊन सरावाआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा. 1 किलो घट म्हणजे साधारण 1 लिटर घाम. पुढच्या काही तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी, घोट-घोट. वजन वाढलेलं दिसलं तर मूल गरजेपेक्षा जास्त पितंय, तेही धोक्याचं. मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला, अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट नको. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

एप्रिलमध्ये सुट्टीनंतर सराव परत सुरू करताना पहिले 10 ते 14 दिवस वेळ आणि जोर टप्प्याटप्प्यानं वाढवा, अंगाला उन्हाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. 42 अंशांच्या दिवशी 5 ऐवजी 6 ला सुरू करा किंवा सकाळी घ्या. कुणी बडबडायला लागलं, तोल जायला लागला, अंग तापलेलं लागलं, तर त्याला गोळे समजू नका. सावलीत न्या, सगळ्या अंगावर गार पाणी ओता, ओल्या टॉवेलांनी गुंडाळा, टॉवेल सतत बदला, आणि थंड करणं न थांबवता 108 ला फोन करा.

योगवर्ग_भवानी_पेठ

सर, आठवड्याची मांडणी विचारली नाहीत, तरी सुचवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार खेळाचा जड सराव, नॉर्डिक सोमवारी आणि शुक्रवारी सरावाच्या शेवटी. मंगळवार, गुरुवार 45 मिनिटं: शलभासन, वीरभद्रासन, वृक्षासन, बऱ्या मुलांना पश्चिमोत्तानासन, मग श्वास आणि शवासन. रविवारी सामना असेल तर शुक्रवारचं नॉर्डिक गाळा. शनिवारी वाहते सूर्यनमस्कार आणि दोन-चार धावा, एवढंच. दुखणाऱ्या चौघांना मंगळवार-गुरुवारी वर्गातून वगळू नका, पुढं वाकणं आलं की त्यांना शेजारी पूल करायला लावा.

खांब_ते_खांब

उद्यापासून वही सुरू. भिंतीचं माप आणि टाचा वर-खाली किती होतात, दोन्ही 26 जणांचं शनिवारी घेतो आणि आकडे इथं टाकतो.